बर्मिंगहॅमचा चौथा हॉल: राष्ट्रकुल स्पर्धेतील महिला बॉक्सिंग तिकीट काढून पाहण्याचा अनुभव

अहमदाबादला २०३० ची राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा होणार हे नक्की झाल्यापासून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून एक प्रश्न वारंवार येतो: बॉक्सिंगचे तिकीट काढून प्रत्यक्ष जाण्यात काही अर्थ आहे का, की घरी टीव्हीवर पाहिलेले बरे? हा प्रश्न आमच्याकडे येण्याचे कारण असे, की २०२२ च्या बर्मिंगहॅम स्पर्धेत आम्ही बॉक्सिंगची दोन सत्रे हॉलमध्ये बसून पाहिली, आणि दोन्ही वेळा महिलांच्या लढतींसाठी म्हणूनच तिकिटे काढली होती. पहिले सत्र ३ ऑगस्टच्या संध्याकाळचे, उपांत्यपूर्व फेरीचे. दुसरे ७ ऑगस्टच्या सकाळचे, अंतिम फेरीचे. आम्ही तिघी होतो: मी, तेव्हा तेरा वर्षांची असलेली माझी मुलगी आणि उन्हाळ्यापुरती साताऱ्याहून आलेली माझी आई, जिने तोपर्यंत बॉक्सिंगची एकही लढत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेली नव्हती. फोनवर प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा सगळे नीट लिहून काढावे, म्हणून हे परीक्षण.

माझे मत आधीच सांगते. अवश्य जावे, परंतु अंतिम फेरीच्या मोहात न पडता उपांत्यपूर्व फेरीचे तिकीट घ्यावे, रिंगला चिकटून असलेली जागा टाळावी, आणि गुण कसे देतात हे घरून समजून घेऊन जावे. या तीन गोष्टी पाळल्या तर दिलेल्या पैशाचे पुरेपूर चीज होते. आम्ही पहिल्या खेपेला तिसरी गोष्ट पाळली नव्हती, आणि त्याची हळहळ मला अजून आहे.

प्रथम तिकीट आणि प्रवास यांविषयी थोडक्यात. बर्मिंगहॅमच्या स्पर्धेची सर्वांत स्वस्त तिकिटे मोठ्यांसाठी १५ पौंडांपासून आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठी ८ पौंडांपासून होती. आम्हाला उपांत्यपूर्व फेरीची तिकिटे सुखाने परवडली. अंतिम फेरीच्या तिकिटांना त्याहून बरेच जास्त मोजावे लागले. तिकिटातच त्या दिवसाचा वेस्ट मिडलंड्स भागातील सार्वजनिक वाहतुकीचा प्रवास धरलेला होता, ही सोय मला फार आवडली. आम्ही राहतो कॉव्हेंट्रीला; तेथून बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्थानक दहा-बारा मिनिटांवर आहे, आणि स्थानकातून आच्छादित पुलावरून चालत थेट नॅशनल एक्झिबिशन सेंटर, म्हणजे एनईसीच्या आवारात जाता येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन जायचे असेल तर ही गोष्ट किती मोलाची आहे, हे निराळे सांगायला नको. आवारात ठिकठिकाणी पिवळ्या-नारिंगी पोशाखातील स्वयंसेवक उभे होते, आणि त्यांपैकी एका वयस्क गृहस्थांनी आईला न मागता खुर्ची आणून दिली.

खाण्याचे मात्र घरून पाहून जावे. एका ठेल्यावर शाकाहारी म्हणून दिलेल्या गुंडाळीत चिकन निघाले. आईने पहिला घास घेण्याआधी मुलीने ती उघडून पाहिली म्हणून निभावले. ठेलेवाल्या मुलाने क्षमा मागून पैसे परत केले, तरी आईची त्या संध्याकाळची भूक गेली ती गेलीच. दुसऱ्या खेपेला आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत घालून नेली आणि आवारातल्या बाकावर बसून खाल्ली.

बॉक्सिंग होते चौथ्या हॉलमध्ये. एनईसी हे मुळात प्रदर्शनांचे ठिकाण आहे. क्रफ्ट्स हे कुत्र्यांचे मोठे प्रदर्शन दर वर्षी येथेच भरते. त्यामुळे हॉलला स्टेडियमसारखी कायमची बैठकव्यवस्था नाही. स्पर्धेपुरत्या लोखंडी पायऱ्या उभारून त्यांवर खुर्च्या लावलेल्या होत्या, बाकी हॉल काळोखा, आणि मध्यभागी दिव्यांच्या झोतात ती रिंग. दोरांच्या आत ६.१० मीटर लांब-रुंद एवढीच जागा असते. टीव्हीवर ती पुष्कळ मोठी वाटते. प्रत्यक्ष पाहिल्यावर आई म्हणाली, "एवढ्याशा जागेत दोघी मावतात तरी कशा? आपल्या जुन्या घराची ओसरी याहून मोठी होती गं." आमच्या साताऱ्याच्या घराची ओसरी मला आठवते, आणि तिचे म्हणणे फारसे चुकीचे नव्हते. या लहान जागेचा अर्थ मला तेथेच समजला: पळायला वाव जवळजवळ नसतोच. मागे सरकणारी खेळाडू तीन-चार पावलांत दोराला टेकते, त्यामुळे बाजूला निघण्याचे कसब ज्या मुलीकडे आहे तिचा खेळ निराळाच दिसतो.

जागा कोठली घ्यावी याविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण बहुतेक लोक येथेच पैसे वाया घालवतात. रिंगचा चौथरा जमिनीपासून साधारण मीटरभर उंच असतो, त्याभोवती चार दोर, आणि चौथऱ्याला लागून पाच परीक्षक, डॉक्टर, प्रशिक्षक, कॅमेरे घेतलेली माणसे. अगदी पुढच्या खुर्च्यांवरून मान वर करून पाहावे लागते, दोर नेमके डोळ्यांसमोर येतात, आणि खेळाडूंची पावले कधी कोणाच्या डोक्याआड तर कधी चौथऱ्याच्या कडेआड जातात. बॉक्सिंगमध्ये पावले दिसली नाहीत तर अर्धा खेळ दिसला नाही असे समजावे. अंतिम फेरीला आम्ही जास्त पैसे देऊन पुढे बसलो आणि कमी पाहिले. उपांत्यपूर्व फेरीला मधल्या पायरीवर, किंचित वरून पाहत होतो, तेथून रिंगचे चारही कोपरे आणि दोघींची चारही पावले स्पष्ट दिसत होती. ठोशांचा आवाज मात्र दोन्ही ठिकाणी येतो. महिलांचे हातमोजे दहा औंसांचे असतात. ठोसा हेडगार्डवर, म्हणजे डोक्यावरच्या संरक्षक टोपीवर, बसला की कोरडा, टणक आवाज येतो आणि पोटावर बसला की जड गोणी आपटल्यासारखा. टीव्हीवर समालोचनाच्या गलक्यात हा फरक कळत नाही. पहिल्या दोन लढती होईतो माझ्या मुलीने डोळे मिटून नुसता आवाज ऐकून "हा डोक्यावर, हा पोटावर" असे ओळखण्याचा खेळच सुरू केला होता.

३ ऑगस्टच्या संध्याकाळी आम्हाला हव्या असलेल्या दोन लढती होत्या, आणि योगायोग असा की दोन्हींत भारताच्या समोर वेल्स होते. ५० किलो गटात निखत झरीन विरुद्ध हेलन जोन्स, आणि ७० किलो गटात लवलिना बोर्गोहेन विरुद्ध रोझी एकल्स. आमच्या मागच्या दोन रांगा वेल्सच्या लोकांनी भरलेल्या होत्या, लाल ड्रॅगनचे झेंडे खांद्यावर घेतलेले, घसा फोडून ओरडणारे, आणि तरीही आईला वर चढताना हात देणारे.

निखत तेलंगणमधल्या निजामाबादची. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इस्तंबूलला ५२ किलो गटात ती जगज्जेती झाली होती, आणि राष्ट्रकुलमध्ये ५२ किलोचा गटच नसल्यामुळे दोन किलो उतरवून ५० मध्ये खेळत होती. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हौशी बॉक्सिंगमध्ये स्पर्धेच्या सुरुवातीला एकदाच वजन करून चालत नाही. ज्या दिवशी लढत असेल त्या प्रत्येक दिवशी सकाळी काट्यावर उभे राहावे लागते. निखतच्या लढती ३१ जुलै, ३ ऑगस्ट, ६ ऑगस्ट आणि ७ ऑगस्ट अशा झाल्या. म्हणजे आठवडाभर ते उतरवलेले वजन तसेच राखायचे आणि त्यात उपांत्य व अंतिम फेरी लागोपाठच्या दिवशी खेळायची. हे ठाऊक असल्यावर तिसऱ्या फेरीतल्या तिच्या हालचालींकडे मी निराळ्या नजरेने पाहिले. ठोसा मारून झाल्यावर ती तेथे क्षणभरही थांबत नव्हती. आत शिरायचे, दोन-तीन ठोसे द्यायचे, आणि समोरचीचा हात येण्याआधी अर्धे पाऊल तिरके बाहेर निघायचे. ते अर्धे पाऊल पाहायला मिळाले एवढ्यासाठीसुद्धा त्या तिकिटाचे पैसे मी पुन्हा देईन. निकाल ५-० असा, पाचही परीक्षकांच्या एकमताने तिच्या बाजूने लागला.

लवलिनाची लढत मात्र आम्हाला जड गेली. आसामच्या या उंच मुलीने आदल्या वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले होते, आणि आमच्या दृष्टीने तिचे पदक जवळजवळ गृहीतच होते. एकल्स एकसारखी अंगावर चालून येत होती. लवलिनाचे लांब हात दुरून चांगले चालत, अंतर मिटले की मिठ्या पडत आणि पंचांना मध्ये पडून दोघींना सोडवावे लागे. माझ्या मुलीच्या मते लवलिना जिंकत होती. मागच्या रांगेतल्या वेल्सच्या बाईंच्या मते एकल्स जिंकत होती. मला काहीच सांगता येत नव्हते. शेवटी पंचांनी दोघींचे हात धरून मध्ये उभे केले, निकाल पुकारला गेला, आणि हात वर झाला तो एकल्सचा. तीन परीक्षक तिच्या बाजूने, दोन लवलिनाच्या. माझी मुलगी रडवेली झाली. आईने विचारले, "पाच माणसांनी एकच लढत पाहिली ना? मग दोघांना एक दिसले आणि तिघांना दुसरे, असे कसे?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि वर जी हळहळ म्हणाले ती हीच. पुढे एकल्सने त्या गटाचे सुवर्णपदक जिंकले.

उत्तर मी नंतरच्या तीन दिवसांत शोधले, आणि दुसऱ्या सत्राला जाताना आगगाडीत दोघींना समजावून सांगितले. तेच येथे देते, कारण प्रत्यक्ष पाहायला जाणाऱ्याने हे बरोबर नेले नाही तर निम्मा आनंद हुकतो. लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते आणि दोन फेऱ्यांमध्ये एका मिनिटाची विश्रांती मिळते. प्रत्येक परीक्षक प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे मोजतो. फेरी जिंकणारीला १० गुण. हरणारीला अटीतटीची झाली असेल तर ९, स्पष्ट वर्चस्व असेल तर ८, आणि अगदीच एकतर्फी असेल तर ७. मोजायचे काय, तर मुठीच्या पुढच्या भागाने, डोक्याच्या पुढच्या वा बाजूच्या भागावर किंवा कमरपट्ट्याच्या वर शरीरावर बसलेले स्वच्छ ठोसे. हातमोज्याच्या आतल्या बाजूने बसलेली चापट धरत नाहीत, दंडावर आणि हातमोज्यावर अडलेलेही धरत नाहीत. त्यानंतर डावपेचांतले वर्चस्व, आणि लढण्याची जिद्द. तिन्ही फेऱ्यांची बेरीज करून प्रत्येक परीक्षक आपली विजेती ठरवतो आणि पाचांपैकी ज्या बाजूला अधिक परीक्षक, ती जिंकते.

या पद्धतीतून एक गोष्ट निघते, जी नवख्या प्रेक्षकाला पटकन उमगत नाही. ५-० म्हणजे लढत एकतर्फी झाली, असे मुळीच ठरत नाही. पाचही परीक्षकांनी २९-२८ असे, एकेका गुणाच्या फरकाने एकीला पुढे ठेवले तरी फलकावर ५-० च लागते. उलट ३-२ चा निकाल लागला म्हणजे परीक्षकांपैकी कोणी बेइमानी केली असेही नव्हे. परीक्षक रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसलेले असतात, एकाला जो ठोसा हनुवटीवर बसलेला दिसतो तो समोरच्याला पाठीआड जातो, आणि चुरशीच्या फेरीत तेवढ्या एका ठोशाने १० आणि ९ यांची अदलाबदल होते. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकपर्यंत यंत्रावर एकेक ठोसा मोजून १९-१४, ११-६ असे निकाल लागत. मेरी कोमने पोलंडच्या कॅरोलिना मिखालचुकला हरवले तो निकाल १९-१४, आणि उपांत्य फेरीत ब्रिटनच्या निकोला अॅडम्सने तिला हरवले तो ११-६. ते आकडे प्रेक्षकाला सोपे वाटत. आताची पद्धत खेळाचा दर्जा अधिक चांगला टिपते असे माझे मत झाले आहे, पण ती पाहणाऱ्याकडून अधिक तयारीची अपेक्षा करते. बॉक्सिंगमध्ये परीक्षकाचे आकडे कळतात, त्यामागची कारणे कळत नाहीत; ती आपली आपल्यालाच लढतीत शोधावी लागतात.

म्हणून अंतिम फेरीच्या सत्राला आम्ही तिघींनी एकेक लहान वही नेली. प्रत्येक फेरी झाली की एकमेकींना न विचारता आकडे लिहायचे, असे ठरवले. बाहेरून ऐकायला हे शाळेसारखे वाटेल, पण हा प्रयोग प्रत्येकाने करावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण आकडा लिहायचा आहे म्हटल्यावर नजर आपोआप आपल्या देशाच्या मुलीवरून सुटून दोघींवर जाते. ४८ किलो गटाच्या अंतिम लढतीत नीतू घंघासची गाठ इंग्लंडच्या डेमी-जेड रेझ्टानशी होती. नीतू हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातील धनाना गावची, डावखुरी. तिच्या सरावासाठी वडिलांनी हरियाणा विधानसभेतल्या नोकरीतून बिनपगारी रजा घेतली होती, हे आईने तिकडे मराठी वर्तमानपत्रात वाचलेले होते आणि ते ती आजूबाजूच्या लोकांना माझ्यामार्फत इंग्रजीत सांगत होती. जूनमधल्या निवड चाचणीत मेरी कोम याच गटात नीतूसमोर उतरली होती आणि पहिल्याच फेरीत गुडघा दुखावून बाहेर पडली होती. त्यामुळे एका पिढीने दुसरीच्या हाती जागा दिली असे जे म्हणतात ते येथे अगदी शब्दशः, आणि मेरीसाठी वेदना देऊन, घडलेले होते.

हॉल अर्थातच इंग्लंडच्या बाजूचा. आमचा आवाज त्यात कोठल्या कोठे बुडून गेला. डावखुरी खेळाडू समोर असली की पुढचे पाऊल पुढच्या पावलाशी अडखळते, आणि ज्या मुलीचे पाऊल बाहेरच्या बाजूला पडते तिला मागच्या हाताचा सरळ ठोसा मारायला वाट मोकळी होते. हे मी पुस्तकी वाचून आले होते, पण पुढच्या जागेवरून पावलेच धड दिसत नसल्यामुळे उठून बाजूच्या जिन्याजवळ जावे लागले, तेव्हा कोठे ते दिसले. तिन्ही फेऱ्या माझ्या वहीत नीतूच्या नावावर होत्या, मुलीच्याही. आईने मात्र एक फेरी रेझ्टानला दिली होती. "त्या मुलीने त्या फेरीत जास्त मारले. आपली आहे म्हणून मी खोटे कसे लिहू?" निकाल ५-० ने नीतूच्या बाजूने लागला. पदक देताना हॉलमध्ये जनगणमन वाजले तेव्हा आई वही छातीशी धरून उभी होती आणि आमच्या पुढचे दोन इंग्रज पोरगेही टोप्या काढून उभे राहिले. निखतची अंतिम लढत त्याच दिवशी नंतर होती. तिचे तिकीट आम्हाला मिळाले नव्हते, म्हणून घरी येऊन टीव्हीवर पाहिली. उत्तर आयर्लंडच्या कार्ली मॅकनॉलला तिने ५-० असे हरवले. तेच डोळे, तीच वही, पण टीव्हीवर कॅमेरा जवळ गेला की पावले चित्राबाहेर जात आणि दूर गेला की ठोसा बसला की अडला हे कळत नसे. जवळून दिसणारे चेहरे आणि फेरीनंतर संथ गतीने दाखवलेले ठोसे हा टीव्हीचा फायदा मी नाकारत नाही; तरीही त्या एका दिवसात दोन्ही पाहिल्यावर आम्हा तिघींचे मत हॉलच्याच बाजूने पडले.

मग अंतिम फेरीपेक्षा उपांत्यपूर्व फेरी बरी, असे का म्हणते? एक तर दर. दुसरे म्हणजे एका तिकिटात पुष्कळ लढती आणि पुष्कळ देश पाहायला मिळतात. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. बॉक्सिंगमध्ये कांस्यपदकासाठी वेगळी लढत नसते. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही कांस्य मिळते. याचा अर्थ उपांत्यपूर्व फेरी जिंकली की पदक निश्चित, आणि हरली की रिकाम्या हाताने घरी. सगळ्या स्पर्धेतला खरा कडा हाच आहे, आणि लवलिनाच्या लढतीत तो आम्ही डोळ्यांनी पाहिला. त्या स्पर्धेत भारताच्या चार मुली उतरल्या होत्या: नीतू, निखत, जास्मिन लांबोरिया आणि लवलिना. पहिल्या दोघींना सुवर्ण, जास्मिनला ६० किलो गटात कांस्य. लवलिना एका परीक्षकाच्या मताने पदकाला मुकली. बक्षीस समारंभ आणि राष्ट्रगीत हवे असेल त्यांनी अंतिम फेरीला जरूर जावे. खेळ पाहायचा असेल त्यांनी आधी जावे.

आता ज्या गोष्टीने मी मनापासून नाराज झाले ती सांगते. बर्मिंगहॅमला बॉक्सिंगची एकूण १६ सुवर्णपदके होती, त्यांपैकी पुरुषांची १० आणि महिलांची ६. महिला बॉक्सिंग राष्ट्रकुलमध्ये आले तेच २०१४ च्या ग्लासगो स्पर्धेत, आणि तेही तीनच वजनगटांनी. २०१० मध्ये दिल्लीत ही स्पर्धा झाली तेव्हा मेरी कोम अनेकदा जगज्जेती होऊनही आपल्या घरच्या राष्ट्रकुलमध्ये तिला खेळता आले नाही, कारण महिलांचे बॉक्सिंग कार्यक्रमातच नव्हते. ऑलिंपिकमध्ये २०१२ ला ते आले तेव्हाही महिलांना तीनच गट होते आणि पुरुषांना दहा. मेरीला आपल्या सवयीच्या वजनातून वर चढून ५१ किलोत आपल्याहून थोराड मुलींशी लढावे लागले. त्याआधी महिलांनी रिंगमध्ये स्कर्ट घालावा अशी सूचनाही पुढे आली होती आणि बरीच टीका झाल्यावर तो ऐच्छिक ठरला. गट कमी असले की मधल्या वजनाच्या मुलींनी करायचे काय? उपाशी राहून खाली उतरायचे, किंवा वर चढून मार खायचा. बर्मिंगहॅमला महिलांमध्ये ५० नंतर थेट ५७ किलोचा गट होता. मधल्या सात किलोंतल्या प्रत्येक मुलीला हा पेच पडलेला असणार. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये महिला आणि पुरुष दोघांनाही सात-सात गट आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. अहमदाबादच्या कार्यक्रमपत्रिकेत मी प्रथम हाच आकडा शोधणार आहे.

सत्र पाहताना महिला आणि पुरुष यांच्या लढती आलटून पालटून होतात, त्यामुळे आणखी एक फरक डोळ्यांत भरतो. पुरुष हेडगार्डशिवाय खेळतात, महिला हेडगार्ड घालून. पुरुषांचे हेडगार्ड २०१३ पासून काढले गेले, महिलांचे राहिले. संरक्षणाच्या बाजूने आणि विरुद्ध जे वैद्यकीय वाद आहेत त्यांत मी पडत नाही. प्रेक्षक म्हणून एवढेच सांगते, की हेडगार्डमुळे चेहरा जवळजवळ झाकला जातो आणि वरच्या पायरीवरून लाल आणि निळा एवढेच रंग ओळखू येतात. म्हणून लढत सुरू होण्याआधी, खेळाडू आत येताना, त्यांच्याकडे नीट पाहून घ्यावे: कोण पावलांवर उड्या घेत येते, कोण जमिनीकडे पाहत येते, कोणाचा प्रशिक्षक शेवटपर्यंत कानाशी बोलत राहतो. विश्रांतीच्या त्या एका मिनिटात तर मुळीच उठू नये. कोपऱ्यात स्टूल येते, दातांवरचे रबरी कवच काढून पाण्याने धुतात, टॉवेलने मान पुसतात, आणि प्रशिक्षक दोन वाक्यांत जे सांगतो ते पुढच्या फेरीत उमटते की नाही, हे पाहणे मला लढतीइतकेच भावले. बहुतेक लोक नेमके तेव्हाच मोबाइल पाहतात.

लहान मुलांना न्यावे का, असे काहींनी विचारले आहे. नाकातून रक्त आलेले पाहायला मिळते, हे आधी सांगून न्यावे. माझ्या मुलीला त्याचा त्रास झाला नाही; उलट पंच लढत थांबवून डॉक्टरांना बोलावतात, खेळाडूची नजर तपासतात, उभ्या खेळाडूसाठीही आठपर्यंत मोजतात, हे पाहून या खेळात किती काळजी घेतात याचे तिला नवल वाटले. अगदी लहान, पाच-सहा वर्षांच्या मुलांना मात्र हॉलमधल्या आवाजाचाच त्रास होईल.

पाचपैकी गुण द्यायचे तर उपांत्यपूर्व फेरीच्या सत्राला मी पाच देते, अंतिम फेरीच्या सत्राला साडेतीन. तेही पुढच्या जागेमुळे कापले, लढतींमुळे नाही.

त्या चार मुलींत महाराष्ट्राची एकही नव्हती, हे आईला फार लागले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या देविका घोरपडेने स्पेनमधल्या ला नुसिया येथे युवा जागतिक स्पर्धेत ५२ किलो गटाचे सुवर्ण जिंकले, आणि त्याआधी २०२१ मध्ये नागपूरच्या अल्फिया पठाणने पोलंडमध्ये ८१ किलोंवरील गटात युवा जागतिक सुवर्ण मिळवले होते, हे मी तिला फोनवर सांगितले. तिने दोन्ही नावे त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत. वहीत अजून बरीच पाने कोरी आहेत, आणि साताऱ्याहून अहमदाबादला कोणती गाडी जाते याची चौकशी तिने आत्तापासूनच सुरू केली आहे.